मनोऱ्यावरून न दिसणारी जमीन

चेन्नईला बदली झाली तेव्हाच तंजावर बघायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात जायला वर्ष लागलं. मुलीची दहावीची परीक्षा संपली आणि एका शुक्रवारी रात्री आम्ही तिघं एग्मोर स्टेशनवरून उळवन एक्स्प्रेसमध्ये बसलो. 'उळवन' म्हणजे तमिळमध्ये शेतकरी. सकाळी जाग आली तेव्हा नावाचा अर्थ खिडकीबाहेर दिसत होता. भाताची खाचरं, कालवे, ताडाची झाडं आणि पुन्हा भाताची खाचरं. नजर जाईल तिथपर्यंत सपाट जमीन. साताऱ्याकडच्या माणसाला अशी जमीन बघून थोडं उघड्यावर पडल्यासारखं होतं. पाठ टेकायला एक डोंगर नाही.

तंजावरला येणारा मराठी माणूस साधारण तीन ठिकाणी जातो. राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर, सरस्वती महाल ग्रंथालय आणि राजवाड्यातला दरबार. चौथी गोष्ट तो खालूनच बघतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. ती म्हणजे राजवाड्याच्या आवारातला शस्त्रागाराचा मनोरा. स्थानिक लोक त्याला कूडगोपुरम म्हणतात. मी मात्र आधी तिकडेच गेलो. कुठल्याही नव्या ठिकाणी आधी उंच जागा शोधायची, ही सवय खडकवासल्याला एनडीएत लागली ती अजून सुटलेली नाही.

मनोरा लांबून देवळाच्या गोपुरासारखा दिसतो. वर जाताना प्रत्येक मजला खालच्यापेक्षा लहान होत जातो. फरक इतकाच की गोपुरावर देवादिकांच्या मूर्तींची गर्दी असते, इथे कमानी आहेत. आठ मजले, उंची सुमारे 190 फूट. राजवाडा मूळचा नायकांचा, सोळाव्या शतकात सुरू झालेला. नायकांनंतर भोसले आले आणि त्यांनी त्यात भर घातली. 1855 पर्यंत तंजावरच्या राजांची हत्यारं या मनोऱ्यात असत आणि टेहळणीही इथूनच चाले. आता आवारात कलादालन आहे. चोळकाळातल्या कांस्यमूर्ती बघता बघता एकदम एका देवमाशाचा सांगाडा समोर येतो. तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेला तो मासा इथे आणून ठेवलाय. जिथे राजाची हत्यारं असायची त्या आवारात समुद्रातल्या जनावराची हाडं! माझी मुलगी त्याच्यासमोर मनोऱ्यापेक्षा जास्त वेळ उभी राहिली. तिचं बरोबरच होतं.

जिने अरुंद आहेत. जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत चढलो आणि कमानीतून बाहेर बघितलं. नैऋत्येला बृहदीश्वराचं विमान, बाकी सगळीकडे घरांची छपरं आणि त्यांच्यापलीकडे हिरवी सपाटी. पाहिल्याबरोबर हा मनोरा इथे का आहे ते कळलं. आपल्याकडे उंची आयती मिळते. राजगडाच्या माचीवर उभं राहायला राजगड बांधावा लागला, पण डोंगर बांधावा लागला नाही. कावेरीच्या खोऱ्यात उंची हवी असेल तर ती विटेवर वीट ठेवून उभी करावी लागते.

मुलीला तिथेच हिशोब करून दाखवला. जमिनीवर उभ्या माणसाला सपाटीवर साडेचार किलोमीटरच्या आसपास क्षितिज दिसतं. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यापुढची जमीन खाली वळते. 190 फुटांवर गेलं की तेच क्षितिज सुमारे 27 किलोमीटरवर जातं. तोफा आणि बैलगाड्या घेऊन चालणारी त्या काळची फौज दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर सरकत असे. म्हणजे या मनोऱ्यावरचा पहारेकरी राजाला एका दिवसाहून जास्त मुदत मिळवून देत होता. दरवाजे लावायला, खंदक भरायला, जनावरं आत घ्यायला आणि तोफा लावायला एक दिवस! फौजेत राहिलेल्या माणसाला एका दिवसाची किंमत सांगायला नको.

विजयराघव नायक राजवाड्यातल्या उंच मनोऱ्यावरून श्रीरंगमच्या देवळाचं दर्शन घेतल्याशिवाय जेवत नसे, अशी एक आख्यायिका इथे सांगतात. श्रीरंगम सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर आहे. समोरचं गोपुरही उंच असेल आणि हवा स्वच्छ असेल तर गणित काठावर जुळतं. आख्यायिका खरी की खोटी ते सोडून देऊ. पण ज्यांनी ती रचली त्यांना या मनोऱ्यांचा पल्ला ठाऊक होता एवढं नक्की.

आता मुद्द्यावर येतो.

टेहळणीच्या प्रशिक्षणात पहिल्या काही दिवसांतच एक शब्द शिकवतात, 'डेड ग्राउंड'. चौकीवरून समोरचा सगळा इलाखा दिसतोय असं वाटतं, पण कुठेतरी एखादा ओढा, एखादा उतार, एखादा बांध असतो. त्याच्या आडची जमीन तुमच्या पल्ल्यात असते, पण तुमच्या नजरेत नसते. शत्रू तिथूनच येतो. म्हणून नव्या चौकीवर गेल्यावर कमांडरनं आधी काय दिसतं ते बघायचं नसतं. काय दिसत नाही त्याची यादी करायची असते.

तंजावरच्या या मनोऱ्याची तशी यादी केली तर काय निघतं?

1673 मध्ये विजयराघव नायक मदुरेच्या चोक्कनाथ नायकाशी लढताना मारला गेला. दोन्ही नायक घराणी, एकाच विजयनगरच्या छायेत वाढलेली. भांडण सोयरिकीवरून पेटलं असं सांगतात. चोक्कनाथानं तंजावर आपल्या दूधभावाच्या, अळगिरीच्या ताब्यात दिलं. थोड्याच दिवसांत त्या दोघांचं फाटलं. तेव्हा जुन्या नायक घराण्याच्या वारसाला गादीवर बसवायचं म्हणून विजापूरच्या आदिलशहानं एक सरदार पाठवला. तो सरदार म्हणजे व्यंकोजी भोसले, आपण ज्यांना एकोजी म्हणतो ते शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. मदतीला आलेले एकोजी 1676 मध्ये स्वतःच राजे झाले.

हे सांगत होतो तेव्हा मुलीनं विचारलं, "म्हणजे आपण दुसऱ्याचं घर सोडवायला आलो आणि त्यातच राहिलो?"

मी तिला अठराव्या लुईपासून शीतयुद्धापर्यंत जगातली चार उदाहरणं देऊ शकलो असतो. दिली नाहीत. "हो," म्हणालो, "तसंच झालं." तंजावरला येऊन नुसती छाती फुगवून परत जाणाऱ्या आपल्या लोकांना मला हेच सांगायचंय. आपल्या इतिहासाचा हा भागही आपलाच आहे. पुढच्याच वर्षी, 1677 मध्ये, दक्षिणेच्या स्वारीवर असलेले शिवाजी महाराज आणि एकोजी कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीला भेटले. वडिलांच्या दौलतीतल्या वाट्याची बोलणी फिसकटली आणि एकोजी रात्रीतून नदी ओलांडून तंजावरला परतले. पुढे समेट झाला, पण ती रात्र विसरता येत नाही. मनोऱ्यावरचा पहारेकरी त्या रात्री आपल्याच भावाच्या फौजेची वाट बघत जागा असेल.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षं भोसल्यांनी हे राज्य टिकवलं. 1758 मध्ये फ्रेंच सेनापती लाली फौज घेऊन तंजावरवर आला. एका जुन्या रोख्यावरचे 56 लाख रुपये मागत होता. प्रतापसिंह राजांनी बोलणी लांबवली. तोफा चालल्या, वेढा पडला. लालीकडची दारू आणि रसद संपत आली, समुद्रावर इंग्रजांचं आरमार आल्याची बातमी आली, आणि ऑगस्टमध्ये तो वेढा उठवून परत गेला. त्याच्या पिछाडीवर तंजावरच्या घोडदळानं हल्ले चढवले. हा होता समोरून आलेला शत्रू. मनोऱ्यावरून दिसणारा, तोफेच्या पल्ल्यात येणारा. त्याला तंजावर हरलं नाही.

तंजावर हरलं ते मित्रांशी. 1773 मध्ये अर्काटच्या नवाबासाठी शहर जिंकून दिलं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेनं. दोन वर्षांपूर्वीच्या वेढ्यानंतर कबूल केलेल्या पैशांची थकबाकी हे त्याचं निमित्त. तुळजाराजे कैदेत गेले. 1776 मध्ये कंपनीनंच त्यांना गादी परत दिली, पण त्याबरोबर किल्ल्यात कंपनीची पलटण आली आणि तिच्या खर्चाचा बोजा राजाच्या डोक्यावर बसला. विचार करा. मनोरा तोच, खंदक तोच, तटावर मात्र पहारा दुसऱ्याचा आणि पगार आपण द्यायचा.

1787 मध्ये तुळजाराजे वारले. दत्तक मुलगा सरफोजी लहान होता. अमरसिंह गादीवर बसले आणि वारसाचा वाद सुरू झाला. शेवटी 1798 मध्ये कंपनीनं सरफोजींना गादीवर बसवलं. पुढच्या वर्षीच्या तहानं राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. एकही गोळी सुटली नाही. 1855 मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुरुष वारस न ठेवता गेले आणि उरलंसुरलं खालसा झालं. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या आणि मद्रासला दावा जिंकल्या. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं. 1859 मध्ये तिथे निकाल लागला की हे सरकारनं राज्यसत्ता म्हणून केलेलं कृत्य आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही.

सोयरीक, मदत, कर्ज, वारसा, तह. 27 किलोमीटरवरून यातलं काहीच दिसत नाही. हे सगळं दरबारातून येतं, बसायला आसन घेतं आणि सही मागतं. या मनोऱ्याचं डेड ग्राउंड त्याच्या पायाशीच होतं.

हे मी दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवून लिहीत नाही. मी कॅप्टन असताना नियंत्रण रेषेवरच्या एका चौकीचा ताबा घेतला. बर्फ पडायला तीन आठवडे होते. पहिले दोन दिवस मी फक्त समोर बघितलं. प्रत्येक मोर्चात स्वतः झोपून बघितलं, कुठून काय दिसतं, कुठे डेड ग्राउंड आहे. नकाशावर पेन्सिलनं रेघा मारल्या. तिसऱ्या दिवशी हिवाळी साठ्याचं रजिस्टर समोर आलं. पानं उलटली, बेरीज जुळली, सही केली. रॉकेलचे जेरीकॅन मोजले नाहीत. जानेवारीत रस्ता बंद झाल्यावर कळलं की मागच्या ओळीतले बरेच जेरीकॅन गळून रिकामे झालेत. पुढचे सहा आठवडे आम्ही एका बंकरमध्ये दाटीनं झोपलो आणि बुखारी दिवसातून ठरावीक तासच पेटवली. आमच्या सुभेदार साहेबांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त दर रविवारी सगळे जेरीकॅन माझ्यासमोर हलवून बघायचे. कुणाच्या हातापायाला कायमचं काही झालं नाही, हे नशीब. समोरच्या चौकीवरच्या शत्रूनं त्या हिवाळ्यात आमचं काही वाकडं केलं नाही. जे केलं ते माझ्या सहीनं केलं.

म्हणून तुळजाराजांवर किंवा सरफोजींवर हसायला मी तयार नाही.

सरफोजी गादीवर आले तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे होते आणि कंपनीची पलटण आधीच आत होती. त्यांनी मग दुसऱ्या गोष्टी उभ्या केल्या. सरस्वती महालात ग्रंथ जमवले. 1805 मध्ये देवनागरी छापखाना काढला. पुढच्याच वर्षी त्यातून 'बालबोध मुक्तावली' निघालं, इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद. महाराष्ट्रात मराठी छपाई रुजायच्या आधीची ही गोष्ट आहे. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग केले. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो लेख बघायला आपली माणसं मुद्दाम जातात, अक्षरांवरून नजर फिरवतात. मी त्याच्यासमोर उभा होतो तेव्हा वर्षाकडे लक्ष गेलं. कारभार गेला 1799 मध्ये, इतिहास कोरला 1803 मध्ये. ज्याच्याकडे राज्य असतं त्याला ते आठवून ठेवायची एवढी घाई नसते.

दुसऱ्या दिवशी गाडी करून आम्ही समुद्राकडे गेलो. तंजावरहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, मल्लिपट्टिनमजवळ, सरफोजींनी बांधलेला आणखी एक मनोरा आहे. नावच 'मनोरा'. आपला शब्द तमिळ किनाऱ्यावर गावाच्या पाटीवर वाचून बरं वाटतं. सहाकोनी, आठ मजली, भोवती तट आणि खंदक. तो कशासाठी बांधला? 1814 मध्ये नेपोलियन पडला आणि इंग्रजांचा जय झाला, त्याची आठवण म्हणून. तिथल्या शिलालेखात राजा स्वतःला ब्रिटिश सरकारचा मित्र म्हणवतो.

समुद्रावरून वारा जोरात येत होता. तिथे उभं राहून मला राजवाड्यातला मनोरा आठवला. तो आपलं घर राखायला बांधलेला आणि हा दुसऱ्याच्या विजयाच्या आनंदात. दोन्हींची उंची चांगली आहे, दोन्हींचं बांधकाम चांगलं आहे. पण पहाऱ्याला राखायला आपलं काही उरलं नाही की मनोऱ्याचं काय होतं, ते बघायचं असेल तर मल्लिपट्टिनमला जा.

आज तंजावरचा पहारा शहराबाहेरच्या हवाई दलाच्या तळावरून चालतो. जानेवारी 2020 मध्ये तिथे 222 स्क्वाड्रनची सुखोई विमानं आली, ब्रह्मोस घेऊन उडणारी. त्यांचा पल्ला हिंदी महासागरापर्यंत जातो. क्षितिज 27 किलोमीटरवरून शेकडो किलोमीटरवर गेलं. फौजी म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण क्षितिज कितीही लांब गेलं तरी डेड ग्राउंड पायाशीच राहतं. खरेदीचे करार, सुट्या भागांसाठी दुसऱ्यावर असलेलं अवलंबन, कर्जाच्या अटी, मदत म्हणून आलेल्या वस्तूंसोबत येणारी कलमं, हे रडारवर उमटत नाही. ते वाचावं लागतं. माझं मत विचाराल तर गणवेशातल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं हत्याराइतकाच कागदाचाही सराव केला पाहिजे. आपल्याकडे कागदाच्या कामाला कारकुनी म्हणून नाक मुरडायची पद्धत आहे. तंजावर त्याच कारकुनीत गेलं.

परतीच्या आधी सरस्वती महालाबाहेरच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ भेटले. आमचं मराठी ऐकून थांबले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं. बाहेर त्यांना सगळे 'रायर' म्हणतात. घरात मराठी, पण तमिळ हेल असलेली, आणि काही शब्द असे की ते मी फक्त बखरींत वाचले होते. मी फौजेत आहे कळल्यावर त्यांनी हात जोडले. मग विचारलं, "मोडी वाचता येतं का तुम्हाला?"

"नाही, काका."

"मग इथे येऊन काय वाचलंत?"

ते हसत म्हणाले, टोमणा नव्हता. पण लागायचं तिथे लागलं. या राज्याच्या कारभाराची मोडीतली शेकडो बाडं तंजावरात आहेत. कुणाला काय दिलं, कुणाकडून काय घेतलं, कोणत्या व्याजानं, कुणाच्या सहीनं, हे सगळं त्यात आहे. ते सरळ वाचू शकणारी माणसं आता फार थोडी उरलीत. मनोऱ्यावर चढायला रांग लागते आणि मनोरा कसा गेला ते ज्यात लिहिलंय त्या कागदांजवळ शुकशुकाट असतो.

हा लेख वाचणाऱ्यांत निवृत्त झालेले बरेच जण आहात. काही माझे सीनियर, काही माझ्या हाताखाली राहिलेले जवान. पेन्शन आहे, वेळ आहे, पहाटे उठायची सवय मोडलेली नाही. पुण्यात आणि इतर ठिकाणी मोडीचे वर्ग चालतात. साधारण देवनागरी येणाऱ्याला काही महिन्यांत अक्षरं लागायला लागतात, असं शिकलेले सांगतात. मी या जूनपासून सुरुवात करतोय, मुलगी बरोबर आहे. पोस्टिंग मध्ये आलं तर थोडं मागे पडेन, पण सोडणार नाही.

तंजावरला जाल तेव्हा मनोरा जरूर बघा. जिथपर्यंत सोडतात तिथपर्यंत चढा, कमानीतून लांबवर बघा. आणि खाली उतरण्याआधी एकदा वाकून पायाशीही बघा.